तीन मिनिटांचं चायनीज आणि त्याआधीचे दोन तास

ही मार्गदर्शिका कोणासाठी

स्वयंपाकात तुमची मजल चहा, आम्लेट आणि मॅगीपलीकडे गेलेली नाही, पण एका रविवारी सकाळी मोबाइलवर कुणीतरी ज्वाळांवर कढई झुलवताना पाहिलं आणि ‘हे काय, तीन मिनिटांचं काम’ असं तुम्ही घरात मोठ्याने बोलून गेलात. ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी आहे. ज्यांनी फोडणी आयुष्यभर फक्त ऐकली, तीही बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता, त्यांना ती विशेष उपयोगी पडेल. रोज स्वयंपाक करणाऱ्यांनी यात वेळ घालवू नये.

वेळ: तीन मिनिटं. तयारी: दोन तास. माणसं: तीन, खाणारी. राबणारी मोजलेली नाहीत.

पदार्थाची ओळख

आपण करणार आहोत तो पदार्थ म्हणजे छिंग-च्याओ रोउ-स. छिंग-च्याओ म्हणजे हिरवी मिरची, इथे ढोबळी. रोउ म्हणजे मांस आणि स म्हणजे रेशमाचा धागा. थोडक्यात, ढोबळी मिरचीतले मांसाचे रेशीमधागे. चीनमध्ये हा घरोघरी, आडवारी होणारा पदार्थ आहे. आपण त्यात गाजर आणि पातीचा कांदाही घालणार आहोत, कारण ते घरात आहेत.

मांस कोणाचं, असं चिनी माणूस विचारत नाही. मुंबईत नुसतं ‘मटण’ म्हटलं की बोकडाचं, तसं तिथे नुसतं ‘रोउ’ म्हटलं की डुकराचं. गायीचं किंवा बकरीचं असेल तर आधी प्राण्याचं नाव जोडावं लागतं. जगातलं निम्म्याच्या आसपास डुकराचं मांस एकट्या चीनमध्ये तयार होतं. तिथलं सरकार त्याचा गोठवलेला राखीव साठाही ठेवतं, आपलं सरकार नाशिकच्या कांद्याचा ठेवतं तसा. कशाचा भाव चढला की सरकारला घाम फुटतो, यावरून देशाचं स्वयंपाकघर ओळखावं.

नाक्यावर लाल दिव्याखाली मिळतं ते चायनीज वेगळं. त्याची वंशावळ इथलीच आहे. चिकन मांचुरियनचं श्रेय कोलकात्याहून मुंबईला आलेल्या नेल्सन वाँग यांना दिलं जातं. साल १९७५, ठिकाण क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. ट्रिपल शेजवानविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे, पण तो पदार्थ या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

पायरी १: परवानगी

इतर पाककृतींमध्ये ही पायरी गाळलेली असते. वसईच्या ईस्ट इंडियन किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती घरात तुमचा जन्म झाला असेल तर तुम्हीही ती गाळा. तुमच्याकडे सोरपोतेल आणि विंदालू पिढ्यान्‌पिढ्या शिजतंय आणि तुमच्या आजीला तुमच्या या नव्या शौकाचं हसूच येईल. बाकीच्यांसाठी नमुनादाखल आमच्या घरातला संवाद देत आहोत.

“डुक्कर? ह्या घरात?”

“अगं आई, चिनी पद्धतीचं आहे.”

“म्हणजे डुक्कर चीनहून येणार?”

बायकोकडे पाहू नये. ती “मी यात नाही” एवढंच म्हणेल आणि तेच तिचं शेवटपर्यंतचं धोरण राहील.

वाटाघाटी लांबतील. आमच्याकडे तोडगा निघाला तो असा: मागच्या गॅलरीत, पत्र्याखाली, प्रवासाला नेतो त्या छोट्या सिलिंडरवर. ओट्याला हात लावायचा नाही. आणि कढई घ्यायचीच असेल तर ती जुनी लोखंडी, पुरीची. नाहीतरी तिचा एक कान हलतोय.

ही अट अपमान समजू नका. या पदार्थाला धूर होतोच. तो पत्र्याखाली झाला तर घरभर होत नाही.

पायरी २: खरेदी

डुकराचं मांस विकणाऱ्या दुकानावर बहुधा ‘कोल्ड स्टोरेज’ अशी पाटी असते. आत गेल्यावर विचारतील, “कशासाठी पाहिजे? विंदालू?” विंदालूला चरबीसकट मोठे तुकडे लागतात. आपल्याला लागतो अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ, बिनचरबीचा पट्टा. तो नसेल तर मांडीचं बोनलेस. ‘चायनीजला’ असं सांगितल्यावर दुकानदार तुमच्याकडे जरा निरखून पाहील. पाहू दे.

अडीचशे ग्रॅम घ्यावं. ‘एवढंसं काय नेतोस’ या विचाराने किलोभर घेऊ नये. का, ते पायरी ९ मध्ये येईल, आमच्या खर्चाने.

बाकी: दोन ढोबळी मिरच्या, एक गाजर, पातीच्या कांद्याची छोटी जुडी, पाच पाकळ्या लसूण, इंचभर आलं, कॉर्नफ्लोर आणि शेंगदाणा तेल. तेलासाठी लांब जायला नको. कँटनच्या बाजूचे लोकही परतायला शेंगदाणा तेलच वापरत आले आहेत.

पायरी ३: कापणं

मांस अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. (फ्रीझर घरातला आहे. याची वाटाघाटी वेगळी करावी.) ते दगड होता कामा नये; बोटाने दाबलं तर वरून घट्ट आणि आतून किंचित नरम लागलं पाहिजे. ताजं मांस सुरीखाली घसरतं, असं अर्धवट गोठलेलं मात्र सोललेल्या मुळ्यासारखं कापलं जातं.

आता तुकडा उजेडाकडे धरून पाहा. लाकडाला असतात तशा रेषा एकाच दिशेने गेलेल्या दिसतील. हे स्नायूंचे धागे. सुरी या रेषांना आडवी चालवायची. रेषांबरोबर कापलंत तर प्रत्येक घासात सुतळी चावत बसाल. आडवं कापलंत तर धागे सुरीनेच तोडलेले असतात आणि दातांचं काम हलकं होतं. आधी दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करा, मग ते एकावर एक रचून काडेपेटीतल्या काडीएवढ्या पट्ट्या.

चिनी स्वयंपाकी हे सगळं एकाच पसरट सुरीने करतो. तिला म्हणतात त्साय-ताओ, म्हणजे भाजीची सुरी. त्याच सुरीच्या पोटाने तो लसूण चेचतो आणि तिच्यावरच चिरलेलं सगळं उचलून कढईत लोटतो. आपल्याकडे नसते. असलेली सुरी धारदार करून घ्या. बोथट सुरीने कापलेली पहिली पट्टी बहुधा आपल्या बोटाची निघते.

पायरी ४: खळ

तीन मिनिटांच्या आचेवर मांस मऊ राहतं याचं गुपित इथे आहे. पट्ट्यांना एक चहाचा चमचा सोया सॉस, पोह्यांचा एक चमचा पाणी आणि चिमूटभर पांढरी मिरपूड लावा. हाताने चोळून पाणी पूर्ण जिरू द्या. मग एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोर, शेवटी एक चमचा तेल. वीस मिनिटं झाकून ठेवा.

चिनी भाषेत याला शांग-च्यांग म्हणतात. हाच शब्द तिथे कापडगिरणीतही आहे: सुताला खळ चढवणं. इचलकरंजीच्या माणसाला हे एका शब्दात कळेल, तिथे त्याला सायझिंग म्हणतात. मागावर खळ नसलेलं सूत तुटतं आणि कढईत खळ नसलेलं मांस आक्रसून वातड होतं. स्टार्चचा पातळ लेप आधी स्वतः शिजतो आणि आतला रस धरून ठेवतो.

मूळ कृतीत पाण्याऐवजी शाओशिंगची तांदळाची दारू असते. ती नसली तर पाणी चालतं. फेणी घालू नये. फेणीला स्वतःची मतं असतात.

पायरी ५: भाज्या

गाजर आणि ढोबळी मिरची मांसाइतक्याच पट्ट्यांत. हे सौंदर्यासाठी नाही. सगळं एकाच मापाचं असलं की सगळं एकाच वेळी शिजतं. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग वेगळा, हिरवा वेगळा. लसूण आणि आलं बारीक.

भाज्या आधी धुवा, मग कोरड्या करा. ओली मिरची गरम तेलात पडली की काय होतं, हे आमच्या गॅलरीच्या भिंतीवर अजून वाचता येतं.

या पायरीला आईने विळी काढली. मांसाला ती शिवणार नव्हती, पण गाजराने काय घोडं मारलं होतं? माझं अर्धं गाजर होईपर्यंत तिने उरलेलं सगळं संपवलं, एकेक पट्टी कोशिंबिरीला करतात तशी बारीक. माझ्या पट्ट्यांकडे पाहून ती म्हणाली, “ह्या वेगळ्या ठेव. ह्यांना वेळ लागेल.”

पायरी ६: वाट्या

एका वाटीत पोह्यांचा एक चमचा साधा सोया सॉस, पाव चमचा गडद सोया सॉस, पोह्यांचा एक चमचा ऑयस्टर सॉस, चिमूटभर साखर, दोन चमचे पाणी आणि अर्धा चहाचा चमचा कॉर्नफ्लोर ढवळून ठेवा.

दोन सोया सॉस कशाला? साध्याला शेंग-छोउ म्हणतात, तो खारटपणासाठी. गडद तो लाओ-छोउ, तो रंगासाठी. दुकानात ‘सोया सॉस’ म्हणून एकच काळीभोर बाटली मिळाली तर तिने दोन्ही कामं होतात. मग वरून मीठ मात्र घालू नका.

ऑयस्टर म्हणजे आपली कालवं. कोकणातल्या माणसाने नाव ऐकून बिचकायचं कारण नाही. हा सॉस १८८८ साली क्वांगतुंगमध्ये ली कुम शेउंग यांनी काढला. कालवं चुलीवर ठेवून ते विसरले आणि भांड्याच्या तळाशी दाट तपकिरी रस उरला, अशी गोष्ट त्यांची कंपनी सांगते. त्यांच्या घरचे तेव्हा काय म्हणाले, ते कंपनी सांगत नाही.

मिठासारख्या गोष्टींपुढे चिनी पाककृतींत बऱ्याचदा ‘शी-ल्यांग’ लिहिलेलं असतं. अर्थ: योग्य तेवढं. म्हणजे आपलं ‘चवीनुसार’. नवशिक्याला एकटं सोडून देण्याची कला दोन्ही संस्कृतींनी स्वतंत्रपणे शोधून काढली आहे.

पायरी ७: तालीम

आता गॅस पेटवू नका.

सगळं डावीकडून उजवीकडे कढईत पडायच्या क्रमाने मांडा: तेल, मांस, आलं-लसूण-पांढरी पात, गाजर, मिरची, सॉसची वाटी, हिरवी पात. शेजारी रिकामी ताटली. उलथनं. भात आधीच तयार हवा. साधा इंद्रायणी चालेल. तो चिकट होतो म्हणून पाहुण्यांसमोर आपल्याला लाजायला होतं, पण चिनी घरातला रोजचा भातही असाच एकमेकांना धरून असतो, नाहीतर काड्यांनी उचलणार कसा?

मग डोळे मिटून एकदा सगळं हाताने चाचपा. हसू नका. पहिल्या खेपेला माझं तेल धुरावलं तेव्हा सॉसची बाटली आत फ्रिजमध्ये होती आणि तिचं झाकण लागेना, म्हणजे निघेना. आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, “फोडणी करताना कुणी हिंग शोधायला जातं का रे?”

या एका वाक्यात हे पूर्ण शास्त्र आलं. मोहरी तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता हाताशीच लागतो. तेव्हा डबे उघडत बसणाऱ्याची फोडणी जळते. चिनी परतणं म्हणजे तीन मिनिटं लांबवलेली फोडणी. ज्यांनी ती तीस-चाळीस वर्षं रोज दोनदा केली त्यांना हे शिकवावं लागत नाही. ज्यांनी ती फक्त ऐकली त्यांना दोन तास आणि एक मार्गदर्शिका लागते.

पायरी ८: आच

कढई मोठ्या आचेवर रिकामी तापवा. दोन-तीन मिनिटांनी पाण्याचा एक थेंब टाका. तो फसफसून विरला तर थांबा. तो मोत्यासारखा गोल होऊन कढईभर पळत सुटला तर कढई तयार आहे. पाणी पूर्ण उडून जाऊ द्या, मगच तेल. ‘रं-क्वो, ल्यांग-योउ’ असं तिकडे स्वयंपाकी म्हणतात: गरम कढई, गार तेल. तेल कढईभर फिरवलं की मांस चिकटत नाही.

आपल्या शेगडीत एक सोय आहे. गोल बुडाची कढई तिच्यावर नीट बसते. सपाट विजेच्या शेगड्या असलेल्या देशांत यासाठी वेगळी कढई घ्यावी लागते. मात्र हॉटेलातल्या भट्टीची आच घरच्यापेक्षा कैक पटींनी जास्त असते. त्या आचेत पदार्थाला जो धुरकट खमंगपणा येतो त्याला कँटनी लोक वॉक हेइ म्हणतात, कढईचा श्वास. घरी तो पुरता येत नाही. घरी जमतं ते एवढंच की कढईचा जीव गुदमरू द्यायचा नाही, म्हणजे ती भरायची नाही.

कढई हवेत उडवू नका. आमच्या कढईचा कान हलतो हे आधी सांगितलं आहे. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद आणि वर झाकण. पाणी कधीही नाही.

पायरी ९: तीन मिनिटं

पोह्यांचे दोन चमचे तेल. मांस पसरून टाका आणि अर्धा मिनिट हात लावू नका. हे सर्वांत अवघड आहे. ‘च्यर्र’ असा आवाज एकसारखा चालू राहिला पाहिजे. तो आवाज खाली बसला आणि ‘बुडबुड’ सुरू झालं, तर समजा तुमचा बेत बदलला आहे.

आमचा पहिल्या खेपेला बदलला. किलोभर मांस एकदम ओतलं, कढई गार पडली, मांसाला पाणी सुटलं आणि ते त्याच पाण्यात शांतपणे शिजू लागलं. आई दारातून म्हणाली, “रस्सा चांगला झालाय रे.” आम्ही तो भाकरीबरोबर खाल्ला. बायकोने दुसऱ्यांदा घेतला, पण धोरण बदललं नाही.

आता परता. इथून फक्त मांस परतता येतं, आपण मागे परतू शकत नाही. आणखी मिनिटभराने गुलाबी रंग गेला की एक पट्टी मोडून पाहा. डुकराचं मांस आतपर्यंत शिजलेलंच हवं, याबाबतीत घाई नको. ताटलीत काढा.

पुन्हा चमचाभर तेल. आलं, लसूण, पांढरी पात: दहा सेकंद, वास सुटेपर्यंत. गाजर: अर्धा मिनिट. मिरची: अर्धा मिनिट. तिचा हिरवा रंग एका क्षणी अचानक उजळतो, तोच इशारा. मांस परत आत. वाटीतला सॉस पुन्हा ढवळून कढईच्या कडेने सोडा, मध्यावर नाही. तापलेल्या कडेवरून उतरताना तो फसफसतो आणि त्यालाच खरा वास येतो. वीस सेकंदांत सगळ्यावर चकाकी येईल. हिरवी पात, एक हात फिरवा, गॅस बंद.

या क्रियेला चिनी भाषेत छाओ म्हणतात. बुवेइ यांग चाओ या बाईंनी १९४५ साली अमेरिकेत चिनी स्वयंपाकाचं पुस्तक काढलं, तेव्हा या एका अक्षराला इंग्रजीत शब्द सापडेना, म्हणून ‘स्टर-फ्राय’ हा शब्द घडवावा लागला. बाई पेशाने डॉक्टर, इंग्रजी करणारी मुलगी आणि मध्ये लुडबूड करणारा नवरा भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी मराठीत लिहिलं असतं तर अख्ख्या कुटुंबाचा त्रास वाचला असता. आपल्याकडे ‘परतणे’ आहे.

पायरी १०: नेहमीच्या शंका

*अजिनोमोटो घालावं का?* १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी जपानी समुद्रशैवालाच्या सुपातून काढलेली ही चव टोमॅटोतही असते. सोया आणि कालवांच्या सॉसमध्ये ती भरपूर आहे, म्हणून वेगळं लागत नाही.

*शेजवान करता येईल का?* खऱ्या सिचुआनची चव जीभ बधिर करणाऱ्या मिरीची असते. तिचं झाड आणि आपल्या तिरफळाचं झाड एकाच वंशातलं, झँथोझायलम. दोन्हींत आतलं काळं बी फेकायचं आणि साल वापरायची. तेव्हा बांगड्याच्या आमटीतली दोन तिरफळं कुटून घाला आणि सिचुआन रत्नागिरीहून जवळ आहे असं समजा.

*ढोबळी मिरची आवडत नाही.* मग कोबी, फरसबी, मशरूम, काहीही. टणक आधी, मऊ नंतर.

*एवढं करून तीन मिनिटांत संपलं, आता काय?* गरम असताना खा. हा पदार्थ पाहुण्यांची वाट पाहत नाही, पाहुण्यांनी त्याची पाहावी.

पायरी ११: कढई

कढईला साबण लावू नका. गरम असतानाच गरम पाणी, काथ्याने हलका हात, पुन्हा आचेवर ठेवून कोरडी, मग तेलाचं बोट. नवा बिडाचा तवा आपण रुळवतो तसंच.

मी ती पुसून आत घेऊन निघालो तेव्हा आईने दारातच अडवलं. “ती आता आत नको. तुझीच ती.”

वारसाहक्काने मला मिळालेलं हे पहिलं भांडं. पुरीसाठी नवी कढई मी आणायची असंही त्याच वेळी ठरलं.

त्या दुपारी मी पत्र्याखाली स्टूल टाकून बसलो होतो. आईला म्हटलं, चिनी लिपीत ‘घर’ कसं लिहितात माहितेय? वर छप्पर काढतात आणि छपराखाली डुक्कर. त्यांच्या हिशेबाने ही गॅलरी म्हणजेच घर.

तिने वर पत्र्याकडे पाहिलं, मग कढईकडे. “आणि वाचतात कसं?”

“आपल्या कानाला ‘च्या’सारखं लागतं.”

आईचं माहेर साताऱ्याकडचं. तिथे चहाला च्याच म्हणतात.

“मग टाक की,” ती म्हणाली. “हात धू आणि ओट्यावर टाक.”